टाकी रिकामी करू नका

दिवाळीची साफसफाई निघाली की घरातल्या माशांच्या टाकीवर संक्रांत येते. माळे झाले, पंखे झाले, डबे झाले, मग कुणीतरी म्हणतं, चला, टाकीही एकदा धुऊन टाकू. मासे बादलीत जातात, रेती परातीत, फिल्टरचा स्पंज नळाखाली. काचा चकचकीत होतात, पाणी नवं भरलं जातं. भाऊबीजेपर्यंत दोन-तीन मासे उलटे तरंगू लागतात. घरातलं एक माणूस म्हणतं पाणी मानवलं नाही, दुसरं म्हणतं घरावरचं संकट माशांनी आपल्या अंगावर घेतलं.

संकट घरातल्यांनीच आणलेलं असतं. माशांच्या विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया उतरतो आणि तो माशांना विष आहे. फिल्टरच्या स्पंजात आणि रेतीत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं आणि झाडांना ते खत म्हणून चालतं. जिवाणूंची ही वस्ती नव्या टाकीत नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन घातलेलं असतं ते मुळी जिवाणू मारण्यासाठीच. स्पंज त्या पाण्याखाली खळखळून पिळला की आठवड्यांची कमाई पाच मिनिटांत मोरीतून वाहून जाते.

म्हणून ज्यांच्या घरी जुनी टाकी आहे, तिचा कंटाळा आला आहे, आणि प्लास्टिकची झाडं काढून खरी लावायची मनात आहे, त्यांना माझं पहिलं सांगणं हेच: टाकी जरूर बदला, पण रिकामी न करता. आणि झाडं अशी निवडा, जी तुमच्याकडे असलेल्या पाण्यात, उजेडात आणि तुमच्या आळसात जगतील. आळस हा शब्द मी मुद्दाम वापरतो. नव्या टाकीचा उत्साह महिनाभर टिकतो, नंतर नोकरी, मुलांच्या परीक्षा, गावची लग्नं सुरू होतात. टाकीची मांडणी त्या नंतरच्या दिवसांचा विचार करून करायची असते.

बहुतेक घरांत दोन फुटी टाकी असते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. रेती, दगड आणि काच धरून तिचं वजन सहज ७० किलोच्या पुढे जातं. जागा बदलायची असेल तर ते आधीच ठरवा. भरलेली टाकी दोघांनी उचलून सरकवायचा प्रयत्न केला की सिलिकॉनचे सांधे सुटतात, आणि ते बहुधा रात्री कळतं.

आता डोळ्यांसमोरचे फोटो. हिरवा गालिचा, लाल झुडपं, त्यांतून फिरणारा निळा थवा. ही शैली ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने जगभर नेली. तो २०१५ साली गेला, पण त्याच्या टाक्यांचे फोटो अजूनही प्रत्येक हौशी माणसाच्या मोबाइलमध्ये असतात. त्या टाक्यांना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो, तीव्र दिवे लागतात, रोज मोजून खत आणि दर आठवड्याला कात्री लागते. फोटोत यातलं काही दिसत नाही. गालिचा होणारी बारीक रोपं आणि लालभडक झाडं दुकानातून हौसेने आणून साध्या टाकीत लावली, तर ती पंधरा दिवसांत पिवळी पडून विरघळतात. तुमच्या हाताला गुण नाही असं अजिबात नसतं. त्या झाडांचा खुराक वेगळा आहे, इतकंच.

साध्या टाकीला कोणती झाडं, याचं माझं उत्तर आखूड आहे. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरीन आणि व्हॅलिस्नेरिया. या पाचांत सुंदर टाकी होते. सहावं झाड पुढे सांगतो, ते बहुधा तुमच्या घरात आधीपासून आहे.

अनुबियास पश्चिम आफ्रिकेतलं. जाड, गडद हिरवी पानं, आणि वाढ इतकी संथ की महिन्याला एक-दोन पानं आली तर खूप. हा संथपणाच कामाचा, कारण कात्री लागत नाही. याचं आडवं खोड आल्याच्या गड्ड्यासारखं दिसतं, त्याला रायझोम म्हणतात. ते रेतीत पुरलं की कुजतं आणि झाड मरतं. अनुबियास मेलं म्हणून जे जे सांगतात, त्यांनी बहुतेक वेळा ते गाडलेलं असतं. दगडावर किंवा लाकडावर ठेवा, काळ्या सुती दोऱ्याने दोन वेढे द्या. दोरा कुजेपर्यंत मुळांनी दगड धरलेला असतो. घाई असेल तर फेविक्विकचा एखादा थेंब चालतो. तो पाण्यात घट्ट होतो आणि घट्ट झाल्यावर माशांना त्रास देत नाही. अनुबियासला थेट दिव्याखाली ठेवू नका. वाढ संथ असल्यामुळे पानावर शेवाळ बसायला वेळ मिळतो, विशेषतः पानांच्या कडेला येणारं काळं, दाढीसारखं शेवाळ. सावलीत ते कमी येतं.

जावा फर्नचंही तसंच, खोड गाडायचं नाही. त्याच्या जुन्या पानांच्या पाठीवर काळे ठिपके येतात आणि लोक घाबरून पानं तोडतात. नेच्यांच्या पाठीवर असतात तसे ते बीजाणूंचे पुंजके असतात. थोड्या दिवसांनी जुन्या पानांच्या टोकावर इवली रोपं फुटतात, मुळांसकट. तीच काढून दुसऱ्या दगडावर बांधायची. एका जुडीतून वर्षभरात टाकीचा एक कोपरा भरतो आणि दुकानात पुन्हा जावं लागत नाही.

जावा मॉसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लाकडाला गुंडाळा, विसरून जा. गप्पीची पिल्लं त्यात लपून वाचतात.

क्रिप्टोकोरीन, दुकानदारांच्या भाषेत क्रिप्ट, हे मात्र रेतीत लावायचं झाड. सर्वांत सहज मिळणारी वेंटी ही जात श्रीलंकेची, हिरव्यापासून तपकिरीपर्यंत रंगांत येते. हिची एक खोड आहे. जागा बदलली, पाणी बदललं, दिवा बदलला की हिची सगळी पानं आठवड्याभरात पारदर्शक होऊन गळून पडतात. नवखा माणूस झाड मेलं म्हणून उपटून फेकतो. उपटू नका. मुळं जिवंत असतात. सडलेली पानं तेवढी काढा आणि थांबा. तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात, ती तुमच्या पाण्याला सरावलेली असतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. एकदा लावलेलं क्रिप्ट पुन्हा हलवायचं नाही, हे पथ्य.

कोकणातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांच्या कडेलाही क्रिप्टोकोरीनच्या काही जाती आपोआप वाढतात. गावाला गेलात की त्या उपटून आणायचा मोह होईल. काही जातींचा मुलूख फार छोटा आहे, त्या तिथेच राहू द्या. दुकानात मिळणारं रोप रोपवाटिकेतलं असतं आणि स्वस्तही.

व्हॅलिस्नेरिया म्हणजे फितीसारखी लांब पानं, टाकीच्या मागच्या काचेला. हिला धावते फुटवे येतात, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. मुंबईचं तानसा-भातसाचं पाणी मृदू, पावसाचं. बोअरवेलचं पाणी जड, भांड्यांवर पांढरा थर देणारं. अनेक झाडं जड पाण्यात कुढतात, व्हॅलिस्नेरिया मात्र त्यात उलट जोमाने वाढते, कारण पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही ती कार्बन घेऊ शकते. ज्यांच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी येतं, त्यांनी हिच्यापासूनच सुरुवात करावी. एक सावधगिरी: दुकानात ‘लिक्विड कार्बन’ नावाची बाटली मिळते, तिने ही पानं वितळतात. साध्या टाकीला ती बाटली लागतही नाही.

आणि सहावं झाड म्हणजे मनी प्लांट. त्याची फांदी टाकीच्या कडेवरून अशी सोडा की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, हवेत. बाहेरच्या पानांना हवेतला कार्बन डायऑक्साइड भरपूर मिळत असल्यामुळे हे झाड झपाट्याने वाढतं आणि पाण्यातलं नायट्रेट ओढून घेतं. अनुबियास, क्रिप्ट आणि मनी प्लांट तिन्ही अळूच्या कुळातली. अळू सांडपाण्यावर कसं माजतं हे ज्यांनी परसात पाहिलं आहे, त्यांना आणखी समजवायला नको.

दुकानात जाल तेव्हा एक फसवणूक टाळा. पाण्यात बुडवून ठेवलेलं प्रत्येक झाड पाण्यातलं नसतं. लकी बांबू, पीस लिली, सिंगोनियम, जांभळी झाक असलेलं वॅफल प्लांट, मोंडो ग्रास ही सगळी जमिनीवरची झाडं सर्रास टाकीत बुडवून विकली जातात. महिना-दोन महिने ती तग धरतात, मग आतून कुजतात आणि त्यांच्या कुजण्याने अमोनिया वाढतो. ओळखायची साधी रीत: झाड पाण्याबाहेर काढल्यावर ताठ उभं राहिलं, देठ कडक असला, पान मेणचट असलं, तर संशय घ्या. अनुबियास तेवढं याला अपवाद, ते बाहेरही ताठच असतं. नाव विचारा. नाव सांगता न येणारं झाड घेऊ नका.

आणखी एक, सफाई करणारा म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासा घेऊ नका. दुकानात तो बोटाएवढा असतो, पण वाढून फुटाच्याही पुढे जातो. दोन फुटी टाकीत त्याला वळायला जागा उरत नाही, आणि तो खातो त्याहून जास्त घाण करतो. गोल्डफिशही झाडांच्या टाकीत नकोत, कोवळी पानं कुरतडतात आणि रेती उकरतात. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा पाळायचाच असेल, तर अनुबियास आणि जावा फर्नवर भागवा. ती पानं चिवट असतात, गोल्डफिश सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. आणि नऊ गोल्डफिशना दोन फुटी टाकी पुरत नाही, हे वास्तुशास्त्र सांगत नसलं तरी मासे सांगतात.

झाडांइतकाच दिव्याचा प्रश्न. लोकांना वाटतं, झाडं म्हणजे भरपूर उजेड हवा. उजेड वाढवला की झाडाला कार्बन डायऑक्साइड आणि खनिजंही त्या प्रमाणात लागतात. ती मिळाली नाहीत तर झाड थांबतं आणि वरचा उजेड शेवाळ खातं. साध्या टाकीला साधा पांढरा एलईडी, दिवसाला सहा ते आठ तास, बस. प्लगमध्ये लावायचा टायमर घ्या, कारण माणूस दिवा लावायला विसरत नाही, बंद करायला विसरतो. खिडकीतलं थेट ऊन टाकीवर येत असेल तर मांडणी बदलण्याआधी ते थांबवा. उन्हातली टाकी हिरवी होते आणि मग दोष झाडांना दिला जातो.

आता प्रत्यक्ष काम. रविवार मोकळा ठेवा आणि निम्मीच टाकी करा. उजवी बाजू आज, डावी तीन-चार आठवड्यांनी. मासे काढायची गरज नाही, ते दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात. फिल्टरला त्या दिवशी हातही लावू नका. आधी नळीने एक-दीड बादली पाणी काढा आणि तेच जपून ठेवा, दगड आणि लाकूड त्यातच धुवा. रेती ढवळू नका. खाली साठलेला गाळ वर आला की त्यातला अमोनिया पाण्यात मिसळतो. जुनं झाड काढायचं असेल तर खेचण्याऐवजी बुडाशी कापा, मुळं राहिली तर राहू द्या. रंगीत खडे काढून साधी रेती घालायची असेल तर तीही अर्धी-अर्धीच. निळे-गुलाबी खडे कुणाला आवडतात हे मला कधी कळलं नाही, पण खजिन्याची उघडमीट होणारी पेटी मुलांना हवी असेल तर ठेवा. माशांना त्याने फरक पडत नाही आणि मुलं टाकीजवळ येतात.

रेती मागे तीन इंच, पुढे इंचभर, असा उतार द्या. टाकी आहे त्याहून खोल दिसते. मोठा दगड किंवा लाकूड अगदी मधोमध नको, जरा एका बाजूला. आपल्याकडचा काळा कातळ, म्हणजे बसाल्ट, उत्तम. तो पाण्यात काही सोडत नाही. इतर दगडावर आधी लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करत राहील. शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे याच कारणाने बाहेर ठेवा. लाकूड पूर्ण वाळलेलं घ्या आणि ते आपणहून बुडेपर्यंत आठवडा-दोन आठवडे पाण्यात भिजवा. त्याने पाणी चहाच्या रंगाचं होतं, ते अपायकारक नाही. रस्त्यावरच्या बदामाची वाळलेली पानंही पाण्याला तसाच रंग देतात आणि अनेक माशांना ते मानवतं, मात्र पान औषध फवारलेल्या झाडाचं नको.

नवं झाड टाकीत घालण्याआधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि साध्या पाण्यात धुवा. मॉसला मात्र हे सोसत नाही. एवढं करूनही गोगलगायी येतीलच. त्या थोड्या असतील तर उपयोगाच्या आहेत. फार झाल्या तर तुम्ही खाणं जास्त घालत आहात.

कोरडी माती खाली आणि वर रेतीचा थर, ही पद्धत अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड यांच्या १९९९ सालच्या पुस्तकामुळे लोकप्रिय झाली. चांगली आहे, पण ती नव्या टाकीसाठी. मासे असलेल्या जुन्या टाकीत माती घालू नका. क्रिप्ट आणि व्हॅलिस्नेरियाच्या मुळाशी दोन-तीन महिन्यांनी खताची एक गोळी पुरली की काम होतं. अनुबियास आणि फर्नला माशांचीच घाण पुरते.

यानंतरचा काळ कठीण, कारण काहीच करायचं नसतं. पहिल्या महिन्यात काचेवर आणि पानांवर तपकिरी धूळ बसेल. ती डायटम नावाच्या शेवाळाची असते आणि आपोआप जाते. क्रिप्ट गळेल. जी झाडं रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यांची जुनी पानं सडतील आणि नवी वेगळ्या आकाराची येतील. या काळात नवे मासे आणू नका, झाडं इकडची तिकडे करू नका, बाटलीतली औषधं ओतू नका. आठवड्याला एक बादली पाणी काढा आणि तेवढंच घाला, दोन फुटी टाकीत ते साधारण पाव हिस्सा होतं. नळाचं पाणी आधी क्लोरीन घालवून घ्या. दुकानात क्लोरीन घालवण्यासाठी मिळणारे हायपोचे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते स्वस्त आणि पुरेसं आहे. फिल्टरचा स्पंज महिन्याने, काढलेल्या टाकीच्याच पाण्यात, दोनदा हलका दाबा. काळं पाणी निघालं की झालं, पांढरा व्हायची गरज नाही. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यात नायट्रेट असतं.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. झाकण काढा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा ठेवा, दोन-तीन अंश उतरतात. बर्फाच्या पिशव्या टाकू नका, तापमान खाली-वर होणं माशांना उष्णतेहून वाईट.

गणपतीला आठवडाभर गावी जाणार असाल तर मोठ्या माशांना काही खायला न घालताही चालतं. शेजारच्या काकूंना किल्ली देऊन खाणं घालायला सांगू नका. त्या प्रेमाने घालतील आणि प्रेमाने म्हणजे मूठभर. सांगायचंच असेल तर दोन पुड्या बांधून द्या, तारीख लिहून.

अशी टाकी सहा महिन्यांनी भरते आणि वर्षाने उतू जाते. व्हॅलिस्नेरियाची जुडी, फर्नची पिल्लं, मॉसचे गोळे. हे कुणाला तरी द्या, टाकी असलेला माणूस कधी नको म्हणत नाही. जे उरेल ते कडक उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत घाला. ते जवळच्या ओढ्यात किंवा तळ्यात सोडून द्यायचा विचार मात्र करू नका. आपल्या तळ्यांत साधी म्हणून वाढणारी हायड्रिला १९५० च्या दशकात टाक्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली आणि तिथल्या तळ्या-कालव्यांत इतकी माजली की ती काढण्यावर अमेरिकेत अजून खर्च चालू आहे. दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आलेली जलपर्णी पवना-इंद्रायणीवर दरवर्षी दिसतेच. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासे येतात. त्यांना बाजारात कुणी विचारत नाही आणि त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात. ते दक्षिण अमेरिकेतून पोहत आलेले नाहीत. कुणाच्या तरी टाकीत ते मावेनासे झाले होते.

मासा नको झाला असेल तर दुकानात परत द्या, बहुतेक दुकानदार फुकट मिळाला तर घेतात. नदीत, तळ्यात, विहिरीत, विसर्जनाच्या हौदात किंवा सोसायटीमागच्या नाल्यात टाकीतलं काहीही सोडू नका. मासा नको, गोगलगाय नको, झाडाचा बोटभर तुकडाही नको.